कागदांत उरलेले शहर

जुने गोवे पाहावयास जाणाऱ्याला तेथे शहर असे काही दिसत नाही. माडांच्या दाटीतून वर आलेली भव्य चर्चे दिसतात, मांडवीच्या काठी विजरईंची कमान दिसते, सेंट कॅजेटनच्या चर्चनजीक आदिलशाही वाड्याच्या दाराची एकाकी चौकट उभी दिसते. पण जेथे बाजार भरे, नगरसभा बसे, त्या रस्त्यांच्या आणि घरांच्या जागी आता माती आहे. रोगराईने ते शहर ओस पडत गेले. १७५९ साली विजरईंचा मुक्काम पणजीस हलला आणि १८४३ साली राजधानीचा मानही रीतसर पणजीस मिळाला. मग ते जुने शहर गेले कोठे? त्याचा पुष्कळसा भाग कागदांत राहिला आहे.

जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिसच्या मठात १९६४ साली पुराणवस्तुसंग्रहालय मांडण्यात आले. त्याच्या संग्रहात विजरई व गव्हर्नर यांची चित्रमालिका आहे. अशी चित्रे काढवून घेण्याची प्रथा १५४७ साली दों जुआंव द कास्त्रु याने पाडली. चित्रावरून चेहरा कळतो, पोशाख कळतो. परंतु त्या माणसाने हुकूम कोणते काढले, कोणाचे गाऱ्हाणे ऐकले आणि कोणाचे फेटाळले, हे चित्र सांगत नाही. ते दप्तर सांगते, आणि ते दप्तर पणजीच्या पुराभिलेखागारात आहे.

या दप्तराचा जन्म १५९५ सालचा. राजाज्ञेने गोव्यात दप्तरखाना स्थापन झाला आणि दियोगु दु कोतु या इतिहासकाराची त्याचा रक्षक म्हणून नेमणूक झाली. दैवयोग असा, की दुसऱ्यांचे कागद सांभाळणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचे कागद सांभाळता आले नाहीत. तो आजारी असताना त्याच्या बखरीच्या आठव्या व नवव्या खंडांची हस्तलिखिते चोरीस गेली. म्हातारपणी त्याने आठवेल तेवढा मजकूर पुन्हा संक्षेपाने लिहून काढला. १६१६ साली गोव्यातच त्याचा अंत झाला. एकच प्रत असणे म्हणजे काय, हे त्या पहिल्या दप्तररक्षकाइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल.

सरकारी कारभाराने मात्र हा धडा आधीच घेतला होता. लिस्बनहून जहाजे वसंतात निघत व पावसाळा संपता संपता गोव्यास लागत. परतीची जहाजे हिवाळ्यात सुटत. म्हणून त्या पत्रव्यवहाराच्या वह्यांना ‘मोसमांची पुस्तके’ असे नाव पडले. वाटेत एखादे जहाज बुडणार हे गृहीत धरून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या जहाजांतून पाठविल्या जात. एक प्रत समुद्राने गिळली, तरी दुसरी पोचे.

परंतु कागदाला समुद्राहून माणसाचे भय अधिक. १७७७ साली या पुस्तकांपैकी ६२ खंड हुकमाने लिस्बनला नेण्यात आले. ते तेथे सुरक्षित राहिले, पण गोव्याच्या मालिकेत खिंडार पडले. धर्मसमीक्षण न्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, कागदांची गत याहून वाईट झाली. १८१२ साली ते न्यायालय कायमचे बंद झाल्यावर त्याचे बहुतेक कागद जाळण्यात आले. ज्यांना तेथे उभे केले गेले, त्यांचे जबाब आता कोणी वाचू शकणार नाही. तरी एक गोष्ट उरली. जुआंव देलगादु फिगैर नावाच्या तेथल्याच एका अधिकाऱ्याने १५६१ ते १६२३ पर्यंतच्या ३८०० खटल्यांची सूची करून ठेविली होती. ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. खटल्यांचे कागद जळाले. नावे, आरोप आणि शिक्षा तेवढ्या यादीत राहिल्या. ज्या न्यायालयाने त्या माणसांना छळले, त्याच्याच कारकुनीने त्यांची नावे वाचविली. हा इतिहास कोणालाही सुखावणारा नाही. पण तो पुसला गेला असता, तर त्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय झाला असता.

उरलेल्या दप्तराला वाचा फोडण्याचे काम पुढे दोघांनी विशेष निष्ठेने केले. १८५५ साली सरकारी चिटणीस म्हणून गोव्यास आलेल्या कुन्य रिव्हार याने १८५७ पासून जुने कागद छापावयास आरंभ केला. त्याच्या पहिल्याच भागात राजांनी गोवे शहराला लिहिलेली पत्रे आहेत. दुसरे पांडुरंग पिसुर्लेकर. १९३१ साली दप्तराची सूत्रे त्यांच्या हाती आली. पोर्तुगीज दरबारासाठी वकिली व दुभाषेगिरी करणाऱ्या हिंदू, मुसलमान, यहुदी आणि पारशी मंडळींवर त्यांनी १९५२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठ्यांच्या इतिहासाची एक बाजू पोर्तुगीज लिपीकारांनी लिहून ठेविली आहे, हे मराठी वाचकांना त्यांच्यामुळे नीट कळले.

दप्तरात केवळ राजे आणि विजरईच आहेत असे नाही. गावकऱ्यांचे जमिनीविषयीचे चालत आलेले हक्क व रूढी १५२६ सालच्या सनदेत नोंदलेल्या आहेत. गावकऱ्यांच्या जुन्या वह्यांतून शेते, बांध, खाजणे आणि खंड यांचा हिशेब सापडतो. ज्या शेतकऱ्याचे चित्र कोणी काढले नाही, त्याचे नाव अशा वहीच्या एखाद्या ओळीत असते.

आणि सारेच काही सरकारी दप्तराने राखले असेही नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मराठीतील हा मोठा ग्रंथ टिकला तो हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे. १९०७ साली तो मंगळूरला पुन्हा छापला गेला, तोही अशा पोथ्यांच्याच आधारे. उतरून घेणाऱ्यांपैकी कितीकांची नावेही कोणास ठाऊक नाहीत.

गोव्यात, बेळगावात, बडोद्यास किंवा ग्वाल्हेरीस, जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर पेट्या असतात. त्यांत मोडी कागद असतात, वतनाची पत्रे असतात, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या असतात. मोडी वाचणारा घरात कोणी उरला नाही की त्या पेटीला अडगळ हे नाव मिळते, आणि पुढचे काम वाळवी करते. ती पेटी पावसाळ्यापूर्वी उघडावी, कागद सावलीत वारवावेत, जाणत्याकडून ते वाचवून घ्यावेत, आणि कोणता कागद कोणाचा व कशाचा, याची यादी करून तिची एक प्रत निराळ्या जागी ठेवावी. फिगैरच्या यादीने जे केले, ते घरातील साधी यादीही करू शकेल.