माथा सर्वांचा, पायथा कोणाचा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही वाळवंटातल्या एका डोंगराच्या वाटेचे नाव घेतले. बोनस, महागाई, ग्रॅच्युइटी एवढेच ज्याच्या तोंडून ऐकायची लोकांना सवय, त्या युनियनच्या माणसाने डोंगरावर काय बोलावे, असे आपल्यांपैकी पुष्कळांना वाटले असेल. पण वाट अडली म्हणजे वाटाघाट करावी लागते, आणि वाटाघाट हा तर आमचा नित्याचा धंदा आहे.

हा डोंगर अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात आहे. शहराजवळ नव्हे, शहरातच. सुमारे सोळा लाख वस्तीचे हे शहर सोनोरन वाळवंटात वसले आहे आणि त्याच्या मधोमध कॅमलबॅक, म्हणजे उंटाची पाठ, नावाचा डोंगर उभा आहे. नाव यथार्थ आहे. दुरून पाहावे तर बसलेला उंटच दिसतो. पश्चिमेला तांबड्या गाळाच्या खडकाचे डोके आणि पूर्वेला ग्रॅनाइटचे वशिंड. उंची समुद्रसपाटीपासून २,७०४ फूट. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या आपल्या माणसांना हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु पश्चिमेकडची एको कॅनियनची वाट अवघ्या सव्वा मैलात साडेबाराशे फुटांच्या आसपास चढते. काही ठिकाणी उघड्या कातळावर कठडा धरून अंग वर ओढावे लागते. झाडाची सावली जवळजवळ नाहीच. पूर्वेकडून दुसरी वाट आहे, तिचे नाव चोया. हे तिकडच्या एका निवडुंगाचे नाव; त्याचा काटा कपड्याला लागला की सारे कांडेच तुटून चिकटते. ही वाट थोडी लांबीची. आरंभी सौम्य, आणि शेवटी दगडधोंड्यांवरून हातापायांनी चढण्याची. माथ्यावर नेणाऱ्या अधिकृत वाटा या दोनच.

आता प्रश्न असा, की भर शहरातल्या डोंगरावर जायला वाट शोधावी का लागते? याचे उत्तर खडकात नाही, मालकीच्या इतिहासात आहे.

१८७९ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष हेज यांनी एक हुकूम काढून या भागाचा मोठा मुलूख, कॅमलबॅकसह, तेथील पिमा व मारिकोपा या मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात दुसरा हुकूम निघाला आणि तो राखीव मुलूख आखडला गेला. म्हणजे ज्यांचा डोंगर, त्यांच्याकडे तो कागदोपत्री जेमतेम पाच महिने राहिला! पुढे जमिनी विकल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभापासून डोंगर राखण्याचे प्रयत्न चालू होते, तरी १९६० च्या सुमारास जवळजवळ सारा डोंगर खासगी मालकीचा झाला होता आणि घरे उतारावर चढू लागली होती. १९६५ साली बॅरी गोल्डवॉटर यांनी डोंगर वाचवण्याची मोहीम हाती घेतली. हे गृहस्थ आदल्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पडले होते आणि कामगार संघटनांचे कडवे विरोधक म्हणून त्यांची ख्याती होती. आमचे आणि त्यांचे एका व्यासपीठावर क्षणभर जमले नसते. तरीही त्यांनी हे काम केले हे मान्य केलेच पाहिजे. १,८०० फुटांच्या वरचा भाग राखला गेला आणि १९६८ साली तो शहराचे उद्यान झाला.

१,८०० फुटांच्या वरचा! सारी मेख या आकड्यात आहे. माथा सार्वजनिक झाला. पायथा बव्हंशी खासगीच राहिला. खाली श्रीमंतांचे बंगले, बागा, मोठे विश्रामगृह आणि त्याचे गोल्फचे मैदान. माथ्यावर प्रत्येकाचा हक्क. पण माणसाला काही आकाशातून माथ्यावर उतरता येत नाही. हक्क वर ठेवायचा आणि जिना दुसऱ्याच्या अंगणातून काढायचा, असा हा प्रकार झाला. कारखान्यात असे हक्क आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. रजा नियमात असते. फक्त ती मंजूर करणारा जागेवर नसतो.

मग भांडण पेटले ते मोटारी उभ्या करण्यावरून. एको कॅनियनच्या तोंडाशी जागा थोडी, येणारे फार. माणसे गल्लीबोळांतून गाड्या लावू लागली, रहिवासी चिडले. २०१२ च्या जानेवारीत ती वाट बंद करून वर्षभर काम चालले, आणि वाहनतळ जवळजवळ दुप्पट करून २०१३ च्या आरंभी ती उघडली. पूर्वेकडच्या चोया वाटेला तर स्वतःचे वाहनतळच नव्हते. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची आणि वस्तीतून चालत जायचे. ती २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली, खालच्या टोकाची पुन्हा बांधणी झाली आणि २०२२ च्या शरदात ती खुली झाली. अडीच वर्षे साऱ्या शहराचा भार एकाच वाटेवर पडला.

अशा वेळी माणूस दुसरी वाट शोधतो. शोधावीच. परंतु पर्यायी वाट निराळी आणि आडवाट निराळी. गाडी दूर ठेवून मैलभर चालत यावे, सायकलीने यावे, चार जणांनी एका गाडीत यावे, एक बाजू बंद असेल तर दुसऱ्या बाजूने चढावे, ही पर्यायी वाट. दोन बंगल्यांमधल्या फटीतून शिरावे आणि निसरड्या घळीने वर सरकावे, ही आडवाट. ती रहिवाशाला शत्रू करते, आणि घळीत सुटलेला दगड मागून येणाऱ्याच्या डोक्यावर पडतो, हे वेगळेच.

येथे आपल्याकडच्या कायद्यातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पाणंदीचे आणि शेतवाटेचे तंटे आपल्याला नवे नाहीत. आपला १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा म्हणतो, की दुसऱ्याच्या जमिनीवरून वीस वर्षे शांततेने, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वहिवाट केली, तर ती वाट हक्काची होते. आम्ही 'उघडपणे' या शब्दावर बोट ठेवतो. रात्री कुंपण वाकवून केलेली ये-जा चाळीस वर्षे चालली तरी तिचा हक्क होत नाही. ॲरिझोनाचा कायदा त्यांचा, आपला आपला. पण त्या शब्दातले शहाणपण कोठेही लागू पडेल. जी वाट उघड मागितली, उघड मोजली आणि उघड वापरली, तीच टिकते.

इथवर मालक आणि चालणारे असे दोनच पक्ष झाले. आता तिसऱ्या पक्षाकडे वळू, ज्याचे नाव अशा चर्चेत शेवटी येते. तो म्हणजे पडलेल्या माणसाला खाली आणणारा.

फिनिक्सच्या डोंगरवाटांवरून दर वर्षी दोनशेच्या घरात माणसे सोडवून आणावी लागतात. हे काम अग्निशामक दलाचे जवान करतात. जखमी माणूस एका मोठ्या चाकाच्या डोलीत घालतात. पुढे-मागे, दोन्ही अंगांना जवान धरतात आणि ती कातळावरून इंचाइंचाने उतरवतात. हेलिकॉप्टर आहे, परंतु तापलेली हवा विरळ होते आणि विरळ हवेत त्याची उचलण्याची शक्ती घटते. म्हणजे ज्या दिवशी त्याची गरज अधिक, त्याच दिवशी त्याचे बळ कमी. आणि उन्हाळा कसा? २०२३ साली फिनिक्समध्ये लागोपाठ ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सियस, किंवा त्याहून वर होता.

२०२१ च्या उन्हाळ्यात डोंगरावर सुटकेला गेलेले काही जवान स्वतःच उष्म्याने आजारी पडले. तेव्हा त्यांच्या युनियनने शहराकडे मागणी केली, की अतिउष्णतेच्या दिवशी भर दुपारी या वाटा बंद ठेवा. त्या जुलैत उद्यान मंडळाने ती तत्त्वतः मानली. अतिउष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी सकाळी अकरा ते सायंकाळी पाच कॅमलबॅकच्या वाटा बंद, असे प्रायोगिक ठरले. पुढील वर्षांत बंदीची वेळ सकाळी आणखी अलीकडे आणली गेली. आता एक ताळा पाहा. पारा १०० अंश फॅरनहाइटला पोचला की फिनिक्सच्या डोंगरवाटांवर कुत्रा नेऊ नये, हा नियम २०१६ सालचा. कुत्र्यावर दया केली हे योग्यच झाले. पण डोली वाहणाऱ्या माणसाची पाळी पाच वर्षांनी आली, आणि तीही युनियनने मागितली तेव्हा!

यावर काहींचा आक्षेप असा, की आमचा जीव, आमची जोखीम. शहराने मध्ये का पडावे? आक्षेप वरवर स्वातंत्र्याचा आहे. परंतु चढणारा एकट्याची जोखीम घेत नाही. त्याच्या खिशात दूरध्वनी असतो आणि त्या दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला दहा-बारा माणसांचे जीव असतात. त्यांना 'आज ऊन फार आहे' म्हणून नकार देता येत नाही.

दुसरा आक्षेप आम्हांला अधिक वजनदार वाटतो. दुपार बंद केली तर पाळीवर काम करणाऱ्याने डोंगर केव्हा चढावा? बंगल्यातला माणूस पहाटे उठून पाच मिनिटांत वाटेवर येतो. शहराच्या दुसऱ्या टोकाचा कामगार पोचतो तेव्हा वाहनतळ भरलेले असते. वाळवंटात वाट केवळ जमिनीची नसते, वेळेचीही असते. उन्हाळ्यात डोंगर खऱ्या अर्थाने उघडा असतो तो सकाळचे दोन-तीन तास. म्हणून दुपार बंद करणाऱ्या शहरावर सकाळ सर्वांसाठी उघडी करण्याची जबाबदारी येते. पहाटेची बस, दूरच्या तळावरून ने-आण, पायथ्याशी पाणी, या गोष्टी मागितल्या पाहिजेत. नाहीतर जवानाला वाचवताना आपण कामगाराला डोंगराखाली ठेवू, आणि माथा पुन्हा पायथ्याच्या मालकांचाच होईल.

चालणाऱ्यावरही काही बंधने येतात. पाणी निम्मे संपले की माथा कितीही जवळ दिसो, पाठ फिरवावी. इशारा असेल त्या दिवशी घरी बसावे. रहिवाशाच्या दारात गाडी लावू नये. ही बंधने कोणी उपकार म्हणून पाळायची नाहीत. सामायिक वस्तू वापरण्याची ती किंमत आहे.

वाट ही कोणी एकदा देऊन टाकण्याची वस्तू नव्हे. कॅमलबॅकची वाट १९६८ साली मिळाली, २०१२ साली पुन्हा बांधावी लागली, २०२१ साली तिच्या वेळा ठरवाव्या लागल्या, आणि उद्या आणखी काही ठरवावे लागेल. करारासारखेच आहे हे. मुदत संपली की पुन्हा टेबलाशी बसावे लागते. त्या टेबलाशी मालक असतो, चालणारा असतो. डोली वाहणाऱ्याची खुर्ची मात्र स्वतः ओढून घ्यावी लागते. फिनिक्सच्या जवानांनी ती ओढून घेतली. आपल्या गावात एखादी वाट अडेल तेव्हा ती खुर्ची मांडलेली आहे की नाही, एवढे आपण पाहावे.