मटकी एकच, जेवण रोज वेगळं



महिनाअखेर आली, की घरोघरी एकच प्रश्न.
आज रात्री काय करायचं?

माझं सांगणं सोपं आहे.
कडधान्य एकच आणा…
जेवण रोज वेगळं करा.

अर्धा किलो मटकी घ्या.
रात्री भिजत घाला.
सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा.
उन्हाळ्यात संध्याकाळीच मोड येतात.
थंडीत आणखी एक रात्र लागते.
गाठोडं सोडलं, की पांढरे मोड फडक्याला अडकून बसलेले दिसतात.
ते पाहूनच मन भरतं.

पहिल्या रात्री उसळ.
कांदा, गोडा मसाला, दोन आमसुलं. सोबत भाकरी.

दुसऱ्या रात्री मटकी जास्त पाण्यात शिजवा.
ते पाणी ओतू नका.
सगळी चव त्यातच असते.
लसूण-कढीपत्त्याची फोडणी, चिंच, गूळ…
झालं गरम कळण. भातावर घ्या.

तिसऱ्या रात्री उरलेल्या मटकीचा मसालेभात.

खर्च आणखी वाचवायचा, तर भाजी आणायला आठवडी बाजारात उशिरा जा.
बाजार उठताना भाव उतरतो.

पुन्हा सांगते.
कडधान्य एकच… जेवण रोज वेगळं.

आज झोपण्यापूर्वी मटकी तेवढी भिजत घाला.