नावा निरनिराळ्या, शर्यत एक



नौकाशर्यत म्हटली की एकसारख्या नावा एकाच रेषेवरून एकदम सुटल्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. लंडनच्या टेम्स नदीवर १९८८ साली सुरू झालेल्या ‘ग्रेट रिव्हर रेस’ची रीत मात्र वेगळी आहे. सुमारे ३५ किलोमीटरच्या या शर्यतीत कॉर्नवॉलच्या सहा वल्ह्यांच्या गिग, जड कटर, ड्रॅगन नावा अशा नाना जातींच्या नावा उतरतात. मंद नावा आधी सुटतात, वेगवान नावा मागाहून. आणि अंतिम रेषा प्रथम ओलांडणारी नाव मुख्य चषकाची मानकरी ठरते.

ही सवलत म्हणजे दुर्बळावरील मेहेरबानी नव्हे. नावेचा वेग केवळ मनगटाच्या बळावर ठरत नाही; तिची लांबी, वजन आणि पाण्याशी होणारे घर्षण यांचाही त्यात वाटा असतो. २००० मीटरचे अंतर उत्कृष्ट एकेरी नाविक सुमारे साडेसहा मिनिटांत कापतो, तर आठ जणांची नाव सव्वापाच मिनिटांच्या आसपास घेते. माणसे आठपट, पण वेग जेमतेम सव्वापट!

समजा, जड नावेला तीन तास आणि हलक्या नावेला अडीच तास लागणे अपेक्षित आहे. जड नाव अर्धा तास आधी सुटेल. तिने दोन तास पंचावन्न मिनिटे घेतली व हलकीने दोन तास अठ्ठावीस, तर जड नाव तीन मिनिटांनी जिंकेल; कारण आपल्या मापाच्या मानाने तिने अधिक पराक्रम केला.

तथापि, या पद्धतीलाही मर्यादा आहेत. वारा प्रतिकूल होऊन दोन्ही नावांचा वेळ एकपंचमांशाने वाढला, तर त्यांच्यातील अंतर तीस मिनिटांऐवजी छत्तीस मिनिटांचे होते आणि जड नावेवर अन्याय होतो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी प्रत्यक्ष वेळेला ठरावीक गुणकाने गुणतात. हा हिशेब अधिक न्याय्य खरा. परंतु काठावरच्या प्रेक्षकांना विजेता कोण, हे गणित होईपर्यंत कळत नाही.

केरळात आलप्पुळा येथील नेहरू चषकाच्या वेळी चुंडन व अन्य प्रकारच्या नावांच्या शर्यती स्वतंत्रपणे होतात. तेथे प्रत्येक प्रकारच्या पुरेशा नावा असतात, म्हणून हे साधते. जेथे एखाद्या जातीची एकच नाव उरली आहे, तेथे सवलतीवाचून तिला प्रतिस्पर्धीच मिळणार नाही. आणि जी नाव शर्यतीत उतरत नाही, ती हळूहळू काठावरच कुजते.

म्हणूनच सवलतीचे आकडे मागील शर्यतींच्या नोंदींवरून ठरवावेत, ते आधी जाहीर व्हावेत आणि अनुभवानुसार सुधारावेत. मुख्य म्हणजे, सवलत नावेच्या बांधणीची असावी, वल्हवणाऱ्यांच्या कौशल्याची नव्हे. कौशल्यही वजा केले, तर सरावाला अर्थ उरणार नाही. नावेचे उणे भरून काढावे आणि माणसाचे अधिक त्याच्या पदरात टाकावे, हेच या पद्धतीचे मर्म होय.