यंत्राचा वेग आणि कामाचा वेग



बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ साली एक लहानसा संगणक तयार झाला. त्याचे नाव 'फ्लोसॉल्व्हर'. विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचे गणित सोडवणे हे त्याचे मुख्य काम होते, आणि नावही त्यावरूनच पडले. इंटेल कंपनीचे ८०८६ जातीचे चार प्रक्रियक आणि त्यांच्या जोडीला गणिती साहाय्यक म्हणून ८०८७ जातीच्या चकत्या, एवढीच त्याची सामग्री. हे सारे भाग बाजारात मिळणारे होते. नवीन होती ती कल्पना. एका महागड्या यंत्राने जे काम करायचे, ते चार साध्या यंत्रांमध्ये वाटून द्यावे, अशी ती होती. प्रयोगशाळेचे संचालकपद तेव्हा रोद्दम नरसिंह यांच्याकडे होते आणि यंत्र घडवणाऱ्या गटाचे नेतृत्व यू. एन. सिन्हा यांच्याकडे.

या उद्योगाला त्या काळाची पार्श्वभूमी होती. मोठे संगणक अमेरिकेत तयार होत आणि ते भारताला द्यावेत की नाही, दिल्यास कोणत्या अटींवर, हे वॉशिंग्टनमध्ये ठरत असे. हवामानाच्या कामासाठी दिल्लीला 'क्रे एक्स-एमपी' जातीचे यंत्र मिळाले ते मागितल्यापेक्षा लहान, आणि तेही अनेक बंधने घालून. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे 'सी-डॅक', स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'अनुपम' घडवला. ही कथा महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली गेली आहे. तिच्यातला एक प्रश्न मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि तोच आजचा विषय आहे. एखादे यंत्र एखादी विशिष्ट आज्ञावली किती वेळात पुरी करील, हे ती प्रत्यक्ष चालवण्याआधी कसे सांगावे?

प्रश्न वरवर पाहता भाबडा वाटतो. यंत्राच्या माहितीपत्रकात त्याचा कमाल वेग छापलेला असतोच. सेकंदाला इतके कोटी गणिती व्यवहार. कामात एकूण किती व्यवहार आहेत ते मोजावे, भागाकार करावा, उत्तर तयार. परंतु हा कमाल वेग म्हणजे प्रत्येक प्रक्रियकाने प्रत्येक क्षणी, काहीही न थांबता, बेरीज-गुणाकार केले तर गाठता येईल तो आकडा. असे काम जगात जवळजवळ नसते. १९९० च्या सुमारास अनेक समांतर यंत्रांत इंटेलचा 'आय-८६०' हा प्रक्रियक वापरला गेला. सी-डॅकचे 'परम ८६००' त्यांपैकीच एक. चाळीस मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या या प्रक्रियकाचा कमाल वेग सेकंदाला आठ कोटी व्यवहार असा सांगितला जाई. फोरट्रानमध्ये लिहिलेली नेहमीची आज्ञावली त्यावर चालवली, की त्यातला लहानसा अंशच हाती लागे. उरलेला वेळ प्रक्रियक स्मृतीतून आकडे येण्याची वाट पाहत बसे. यात विक्रेत्याने लबाडी केली असे म्हणता येणार नाही. चूक आकडा वाचणाराची होती.

हवामानाच्या आज्ञावलीवरून हे अधिक स्पष्ट होईल. मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाच्या राष्ट्रीय केंद्राने १९९० च्या दशकात 'टी-८०' नावाचे जागतिक प्रतिमान वापरात आणले. त्यात सारी पृथ्वी पूर्व-पश्चिम २५६ आणि दक्षिणोत्तर १२८ बिंदूंच्या जाळ्यात बसवलेली होती आणि वातावरणाचे एकावर एक असे १८ थर होते. म्हणजे ५,८९,८२४ बिंदू. प्रत्येक बिंदूवरचा वारा, तापमान आणि आर्द्रता घेऊन काही मिनिटांनंतरची स्थिती काढायची, मग तिच्यावरून पुढची, असे करत पाच दिवस पुढे जायचे. या कामाला एक कठोर मर्यादा आहे. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा तयार होऊन उपयोग नाही. मध्यरात्रीची निरीक्षणे आली की ठरावीक तासांत उत्तर निघालेच पाहिजे. यंत्र किती वेळ घेईल याचा अंदाज चुकला, तर पावसाचा अंदाज बरोबर असूनही वाया जातो.

हीच आज्ञावली बंगळूरच्या फ्लोसॉल्व्हरसाठी समांतर स्वरूपात लिहिली गेली. समांतर संगणकांवर मान्सूनचा अंदाज वर्तवण्यासंबंधीचा लेख 'करंट सायन्स' या बंगळूरहूनच निघणाऱ्या नियतकालिकात १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत सिन्हा आणि त्यांचे सहकारी होते, त्याचप्रमाणे भारतीय विज्ञान संस्थेतील मान्सूनच्या ज्येष्ठ अभ्यासक, मूळच्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांचाही समावेश होता. संगणक घडवणारे आणि पावसाचा अभ्यास करणारे एका लेखात एकत्र आले, हे नमूद करण्याजोगे आहे. कारण काम कसे वाटावे हे ठरवण्यासाठी वातावरणाचे गणित आणि यंत्राची रचना, दोन्ही माहीत असावी लागतात.

टी-८० सारख्या प्रतिमानात काम वाटण्याचा सर्वांत स्वाभाविक मार्ग म्हणजे अक्षवृत्तांची वाटणी. १२८ अक्षवृत्ते आहेत. उत्तरेचे एक आणि दक्षिणेचे त्याच अंतरावरचे दुसरे, अशा जोड्या केल्या की गणित निम्म्यावर येते. म्हणून ६४ जोड्या. एका अक्षवृत्तावरच्या बऱ्याचशा गणिताला दुसऱ्याची गरज पडत नाही. परंतु काळाच्या प्रत्येक पावलाला एक टप्पा असा येतो, की सर्व अक्षवृत्तांवरची बेरीज एकत्र करावी लागते. तेथे प्रत्येक प्रक्रियकाला आपला वाटा सर्वांपर्यंत पोचवावा लागतो. वातावरणाची स्थिती या टप्प्यावर तरंगांच्या रूपात मांडलेली असते. एका थरातील एका राशीसाठी असे ३,३२१ गुणक लागतात आणि प्रत्येक गुणक दोन आकड्यांचा असतो. अठरा थर, चार राशी आणि दर आकड्याला आठ बाइट धरले, तर दर पावलाला सुमारे ३८ लाख बाइट माहिती हलवावी लागेल, हे कागदावरच कळते.

आता उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू या. एका जोडीच्या गणिताला एक सेकंद लागतो. पाऊल १५ मिनिटांचे, म्हणजे पाच दिवसांची ४८० पावले. प्रक्रियकांना जोडणारा सामायिक मार्ग सेकंदाला दहा लाख बाइट नेतो. एकच प्रक्रियक असेल तर ६४ जोड्यांना ६४ सेकंद, आणि एकूण सुमारे साडेआठ तास. सोळा प्रक्रियक घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार जोड्या येतात आणि गणित ३२ मिनिटांत आटोपते. पण देवघेवीला दर पावलाला निदान ३.८ सेकंद हवेत, म्हणजे आणखी सुमारे ३१ मिनिटे. एकूण ६३ मिनिटे. मग चौपट खर्च करून ६४ प्रक्रियक आणले तर? गणित ८ मिनिटांवर येईल, देवघेवीची ३१ मिनिटे तशीच राहतील. एकूण ३९. वास्तविक ती तशीही राहणार नाहीत. एकाच मार्गावर बोलणारे वाढले की खोळंबा वाढतो, हे बंगळूरच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

या हिशेबातून आणखी एक चमत्कारिक गोष्ट बाहेर पडते. ३२ ऐवजी ४८ प्रक्रियक बसवले तर गणिताचा वेळ किती कमी होईल? मुळीच नाही. ६४ जोड्या ४८ जणांत वाटल्या की काहींकडे दोन येतात, काहींकडे एक. एकवाले लवकर मोकळे होतात आणि दोनवाल्यांची वाट पाहत थांबतात. सोळा जास्तीच्या प्रक्रियकांचे पैसे पाण्यात. खरेदी समितीपुढे हा हिशेब आधी आला तर उपयोग. यंत्र बसवल्यानंतर आला तर तो केवळ शवविच्छेदनाचा अहवाल.

जोड्या सारख्या वाटल्या तरी काम सारखे वाटले जाते असेही नाही. विषुववृत्ताजवळ उंच ढगांची उलथापालथ चालू असते. ध्रुवाजवळ ती नसते. सूर्यकिरणांचे गणित जेथे दिवस आहे तेथेच करायचे. त्यामुळे वेळेचा अंदाज बांधणाऱ्याला मान्सून जोरात असलेला जुलै आणि कोरडा जानेवारी यांत फरक करावा लागतो.

याहून व्यापक नियम अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडला होता. लग्नघरी भाजी चिरायला वीस जणी बसल्या तर चिरण्याचे काम वीसपट लवकर होते, पण हंड्यातला भात शिजायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. आज्ञावलीतही काही भाग असा असतो की तो एकामागून एकच करावा लागतो. हा भाग कामाच्या केवळ दहा टक्के असला, तर चार प्रक्रियकांवर वेग तिपटीच्या किंचित वर जातो, सोळांवर ६.४ पट होतो, आणि प्रक्रियक कितीही वाढवले तरी दहापटीच्या पलीकडे कधीच जात नाही.

मग अंदाज बांधावा कसा? अनुभवी माणसे आज्ञावली आधी एका, दोन आणि चार प्रक्रियकांवर चालवतात. गणिताचा वेळ, देवघेवीचा वेळ आणि न वाटता येणारा भाग वेगवेगळे मोजतात, त्यांवरून सूत्र बसवतात आणि सोळा प्रक्रियकांचा वेळ कागदावर लिहून ठेवतात. मगच सोळांवर चालवतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी चालवून नंतर सूत्र जुळवले तर ते नेहमीच जुळते. याही मार्गात फसगती आहेत. काम वाटल्यावर प्रत्येकाचा तुकडा इतका लहान होतो, की तो प्रक्रियकाजवळच्या छोट्या, जलद स्मृतीत मावू लागतो. मग चार प्रक्रियकांवर वेग चौपटीहून अधिक दिसतो. हा लाभ एकदाच मिळतो. त्यालाच नियम समजून पुढचा हिशेब करणारा तोंडघशी पडतो. उत्तराच्या अचूकतेचाही प्रश्न असतो. बेरजेचा क्रम बदलला की संगणकाच्या उत्तरात शेवटचे अंक बदलतात, आणि वातावरणाच्या गणितात असा सूक्ष्म फरक काही दिवसांत मोठा होतो. त्यामुळे नव्या यंत्राचे उत्तर जुन्याशी अंकाला अंक जुळत नाही. अशा वेळी यंत्र चुकले की नुसता क्रम बदलला, हे ठरवायला हवामानाचाच जाणकार लागतो.

बंगळूरच्या गटाने या विश्लेषणाचा उपयोग पुढे यंत्राच्या रचनेतही केला. देवघेव हीच अडचण आहे असे दिसल्यावर फ्लोसॉल्व्हरच्या नंतरच्या पिढ्यांसाठी 'फ्लोस्विच' तयार करण्यात आला. आलेले आकडे नुसते पुढे न ढकलता वाटेतच त्यांवर बेरजेसारखी प्रक्रिया करण्याची त्याची क्षमता होती. टी-८० चे रूपही बदलले. 'वर्षा' या नावाने तिचे नवे लेखन त्याच प्रयोगशाळेत झाले. मूळ प्रयोगशाळेचे नावही १९९३ मध्ये राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा असे झाले होते.

आता यंत्रे कोट्यवधी पटींनी मोठी झाली आहेत. भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये बसवलेल्या 'परम प्रवेग'चा कमाल वेग ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला तेहतीस कोटी कोटी व्यवहार असा, सांगितला जातो. पण कमाल आणि प्रत्यक्ष यांतले अंतर मिटलेले नाही. जपानच्या 'फुगाकू' या यंत्राने २०२० मध्ये लिनपॅक या प्रमाण कसोटीत ४४२ पेटाफ्लॉप गाठले. त्याच यंत्राने त्याच वर्षी एचपीसीजी या दुसऱ्या कसोटीत गाठले १६. पहिल्या कसोटीत स्मृतीतून आणलेला आकडा पुन्हापुन्हा वापरता येतो. दुसरीत तो एकदा वापरून टाकून द्यावा लागतो, आणि हवामानाची गणिते या दुसरीच्या जवळची आहेत. म्हणून आजचा अभ्यासक आज्ञावली हातात घेतल्यावर प्रथम एवढेच मोजतो, की स्मृतीतून आणलेल्या दर बाइटमागे ती किती गणित करते.