जुन्या खेळण्यांच्या आद्यनमुन्यांची पारख



नाणीं, तिकिटें आणि चित्रें जमविणारे लोक आपल्या परिचयाचे आहेत. त्यांच्याच पंक्तीला आतां जुनीं खेळणीं जमविणारे येऊन बसले आहेत. ज्यांना इंग्रजींत 'ॲक्शन फिगर' म्हणतात, त्या हातपाय हलणाऱ्या प्लास्टिकच्या लहान पुतळ्यांचा हा छंद अमेरिकेंत चांगलाच फोफावला आहे. 2024 सालीं तेथील एका लिलावांत अशाच एका पुतळीला 5 लाख 25 हजार डॉलर आले. पुतळी हाताच्या मुठींत मावेल एवढी. आणि तशी पुतळी दुकानांत कधींच विकली गेली नव्हती. तिला एवढें मोल आलें तें नेमकें याच कारणानें, आणि बनावट माल करणाऱ्यांचें लक्ष अशा वस्तूंकडे वळलें तेंहि याच कारणानें.

ही पुतळी कोणती, तें प्रथम सांगतों. 1977 सालीं जॉर्ज ल्यूकस यांचा 'स्टार वॉर्स' हा चित्रपट निघाला. ओहायओ संस्थानांतील सिनसिनाटी शहरच्या केनर कंपनीनें त्यांतील पात्रांच्या पुतळ्या 1978 पासून बाजारांत आणल्या. बहुतेकींची उंची पावणेचार इंचांच्या आंतबाहेर. पुढें 1979 सालीं बोबा फेट या पात्राची पुतळी काढावयाची ठरली. खटका सरकवितांच तिच्या पाठीवरील अग्निबाण उडावा अशी मूळ योजना होती. परंतु त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यांतील असाच लहानसा बाण घशांत अडकून एक मूल दगावलें. हा धोका ओळखून केनरनें बाण पाठीला पक्का बसवून टाकला आणि मगच ती पुतळी मुलांना टपालानें धाडली. उडत्या बाणाच्या पुतळ्या चांचणीपुरत्या झाल्या होत्या, तेवढ्याच मागें राहिल्या. खटक्याच्या खांचेच्या आकारावरून त्यांचे इंग्रजी 'एल' आणि 'जे' असे दोन प्रकार मानतात. वर सांगितलेली महाग पुतळी याच कुळांतील होय.

विक्रीचा माल तयार होण्यापूर्वीं केलेल्या अशा वस्तूला आपण आद्यनमुना म्हणूं. साध्या जुन्या खेळण्यापेक्षां त्याची पारख कठीण कां, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. बाजारांत गेलेल्या पुतळ्या एकसारख्या, हजारोंच्या संख्येनें निघाल्या. एखादीचा रंग निराळा दिसला, छाप पुसट दिसला, तर आपल्याला तत्काळ शंका येते. आद्यनमुन्याची गोष्ट उलटी आहे. तो वेगळा असणार हें आपण आधींच गृहीत धरलेलें असतें. म्हणून रंग भलताच असला, छाप मुळींच नसला, तरी तो दोष न वाटतां खरेपणाचा पुरावा वाटूं लागतो. बनावट करणाराचें सारें भांडवल हेंच आहे.

यावर उपाय एकच. खेळणें कसें घडतें याच्या पायऱ्या माहीत करून घ्याव्या, आणि समोरची वस्तु कोणत्या पायरीवरची म्हणून विकली जात आहे, हें विकणारास प्रथम विचारावें. केनरच्या कारखान्यांत शिल्पकार बहुधा मेणाची मूर्ति घडवी. तिच्यावरून रबरासारख्या सिलिकोनचा साचा घेऊन त्यांत कठीण द्रव्याच्या मोजक्या प्रती ओतीत. त्या हातानें रंगवून छायाचित्रांसाठीं व व्यापाऱ्यांना दाखविण्यासाठीं वापरीत. त्यानंतर पोलादी साचे तयार होत. ते नीट वठले आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं हाताशीं असेल त्या रंगाचें प्लास्टिक घालून पहिले घाण काढीत. अशा पुतळ्यांवर पुष्कळदां रंगकाम नसतें, आणि हक्काचें साल व देशाचें नांव साच्यांत शेवटीं कोरलें जाई म्हणून तेंहि कित्येकांवर नसतें.

आतां प्रत्येक पायरीची लबाडी निराळी, म्हणून कसोटीहि निराळी. पोलादी साच्यांतील पहिल्या घाणाचें सोंग आणण्यासाठीं बाजारी पुतळीचा रंग द्रावणानें पुसून काढतात आणि पायामागील छाप घासून टाकतात. अशी वस्तु हातीं आली तर भिंग घ्यावें आणि दिवा बाजूनें तिरपा धरावा. घासल्याच्या बारीक रेघा दिसतात, त्या जागेची चकाकी आजूबाजूच्या भागाशीं जुळत नाहीं, आणि कानाकोपऱ्यांत, सांध्यांच्या खांचेंत जुन्या रंगाचा कण राहून गेलेला सांपडतो. दुसरी युक्ति म्हणजे बाजारी पुतळीवरून साचा घेऊन रेझिनमध्यें नवी प्रत ओतणें. अशी प्रत सुकतांना किंचित् आकसते आणि तिच्या कडा बोथट होतात. म्हणून खात्रीच्या पुतळीशेजारीं ठेवून सूक्ष्म मापकानें उंची व रुंदी ताडून पाहावी. द्रव्यांत हवेचे बुडबुडे दिसले तर ती वस्तु दाबयंत्रांतील पोलादी साच्यांतून निघाली या म्हणण्यावर विश्वास ठेवूं नये. मात्र हाताच्या ओतकामाच्या अस्सल प्रतींतहि बुडबुडे असूं शकतात. म्हणूनच एकच खूण सर्वत्र लावून चालत नाहीं. अलीकडे यंत्रानें वस्तूचें मोजमाप घेऊन थरावर थर चढवीत प्रत छापण्याची कला निघाली आहे. तिचे थर नीट घासलेले नसले तर भिंगाखालीं दिसतात. पुतळीमागील छापील पुठ्ठ्याचे जुने नमुने घेतांना छपाईचे ठिपके पाहावे. जुन्या छपाईंतील ठिपके ठराविक रांगांनीं बसलेले असतात, तर घरगुती यंत्राची शाई तुषारांप्रमाणें विखुरलेली दिसते.

तथापि वस्तूची परीक्षा हा अर्धाच भाग झाला. उरलेला भाग तिच्या वंशावळीचा. जुन्या मोडी कागदाची तपासणी करणारा अभ्यासक कागद, शाई आणि अक्षराचें वळण पाहतोच; पण तो कागद कोणाच्या दप्तरांतून, कोणाच्या हातून आला, हेंहि तो विचारतो. येथेंहि तोच न्याय. केनरच्या कारखान्यांतील टाकाऊ ठरलेले पुष्कळ नमुने तेथील कर्मचाऱ्यांच्या घरीं राहिले आणि पुढें संग्राहकांकडे आले. म्हणून 'मूळ कोणाकडून, कोणत्या सालीं, त्यानंतर कोणाकडे' ही सांखळी अखंड मिळाली पाहिजे. "परदेशांतील कारखान्यांतून एका कामगारानें आणला" एवढ्यावर थांबणारी हकीकत ही वंशावळ नव्हे. जुन्या नोकराचें पत्र दाखविलें तरी त्या पत्रांत ह्याच वस्तूचें छायाचित्र किंवा ओळखूं येईल असें वर्णन आहे काय, तें पाहावें; नाहींतर खरें पत्र खोट्या पुतळीला सहज चिकटवितां येतें. परीक्षक संस्थेनें मोहोर करून दिलेली पारदर्शक पेटी उपयोगाची आहे, पण तोहि अखेर कोणा जाणकाराचा अभिप्रायच; तो कशाच्या आधारें दिला, हें विचारण्याचा गिऱ्हाइकास हक्क आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. पहिली, छायाचित्रावरून मोठी रक्कम देऊं नये. सर्व बाजूंचीं, छापाचीं व सांध्यांचीं जवळून घेतलेलीं चित्रें मागावीं. दुसरी, वस्तु खोटी ठरल्यास पैसे परत मिळतील असें लेखी घ्यावें. प्रामाणिक विक्रेता याला नकार देत नाहीं. तिसरी, दुर्मिळ म्हटलेली वस्तु एकाच माणसाकडून पुन्हां पुन्हां बाहेर येऊं लागली, तर सावध व्हावें. चौथी, "आजच सांगा, दुसरें गिऱ्हाईक उभें आहे" असें कानावर आलें कीं हात आखडता घ्यावा. घाई ही विकणाराची गरज आहे, संग्राहकाची नव्हे.

नकलेचा मला सरसकट तिटकारा नाहीं. उडत्या बाणाच्या पुतळीच्या नकला आज उघडपणें मिळतात. नक्कल म्हणून घेतली, नक्कल म्हणून कपाटांत ठेवली, तर त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु घेणाऱ्यानें तिच्यावर तशी खूण करून ठेवावी. कारण आज जी हौसेची प्रत, ती मालकाच्या पश्चात् वारसांच्या हातून नकळत अस्सल म्हणून विकली जाते.

शेवटीं एक गोष्ट. केनर कंपनी 1991 सालीं हॅसब्रो या मोठ्या कंपनीच्या ताब्यांत गेली आणि 2000 सालीं तिची सिनसिनाटी येथील कचेरीहि बंद झाली. ज्या कारागिरांनीं त्या मूर्ति घडविल्या, ते थकत चालले आहेत. त्यांनीं काय घडविलें, काय मोडलें, मुलांच्या जिवासाठीं काय सोडून दिलें, याचा पुरावा आतां मुख्यतः ह्या ओबडधोबड, बिनरंगी नमुन्यांतच उरला आहे. त्यांत एक खोटा नमुना मिसळला तर एका गिऱ्हाइकाचे पैसे जातातच. शिवाय त्यावरून पुढील अभ्यासक चुकीचा निष्कर्ष काढतात, आणि त्या निष्कर्षाच्या आधारें दुसरा खोटा नमुना खरा ठरतो. म्हणून संशय आला असतां वस्तु न घेणें ही केवळ आपल्या पैशाची राखण नसून, त्या अनाम हातांच्या कामाचा मान राखणेंहि आहे. वस्तु हातची गेली तर हळहळ थोडे दिवस राहते. पण खोटी वस्तु कपाटांत आली कीं तिच्या शेजारच्या खऱ्या वस्तूंवरहि संशयाची सावली पडते.