यथाशक्ति नव्हे, यथायोग्य



दिवसभर उन्हाने तापलेल्या या पटांगणात संध्याकाळी येऊन बसायचे, तर काहीतरी थंडगार ऐकायला मिळावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आमच्या वाट्याला विषय आला आहे तो पैशाचा, आणि तोही पैसे मागण्याचा. मागणाऱ्यापासून चार हात दूर राहावे, ही जनरीत आहे. म्हणून आरंभीच अभय देतो. आम्ही सोबत पावतीपुस्तक आणलेले नाही.

प्रश्न असा आहे. लोकांच्या मदतीवर चाललेली एखादी संस्था काही मोठ्या कामासाठी आपल्या जागेवरून उठवली गेली, तर तिला पुन्हा उभे करण्यास एखाद्या मोठ्या कंपनीला कसे प्रवृत्त करावे?

प्रश्न हवेतला नाही. यवतमाळहून अमरावतीच्या वाटेला लागले आणि नेर मागे टाकले की नांदगाव खंडेश्वर तालुका येतो. तेथे मंगरूळ चव्हाळा या गावी श्री. मतीन भोसले यांनी २०१२ साली फासेपारधी मुलांसाठी शाळा काढली. ते स्वतः त्याच समाजातले. शिक्षकाची हातची नोकरी सोडून, भीक मागत हिंडणारी मुले त्यांनी गोळा केली. ज्या समाजांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्यापैकी हा एक. कायदा १९५२ साली गेला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. शाळेचे नाव त्यांनी ठेवले ‘प्रश्नचिन्ह’. २०१९ साली मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाच्या आखणीत या शाळेची जागा आली आणि तिचे ग्रंथालय व वर्गखोल्या पाडल्या गेल्या.

आम्ही रस्त्याचे वैरी नाही. ७०१ किलोमीटरचा तो मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला; प्रवाशांचे तास वाचले, ते वाचावेतच. परंतु घर उठणे आणि संस्था उठणे यांत फरक आहे. घराच्या भिंती मोजता येतात. संस्थेचे खरे धन म्हणजे लोकांचा बसलेला विश्वास. पिढ्यान्‌पिढ्या पालावर राहिलेल्या आईने आपले लेकरू एका ठिकाणी ठेवले, ते ठिकाणच नाहीसे झाले, तर ती पुन्हा कोणत्या भरवशावर ठेवील? एक वर्ष शाळा बंद राहिली तर सुखवस्तू घरातल्या मुलाचे एक वर्ष जाते. या मुलाचा जन्म पुन्हा स्टेशनच्या फलाटावर जाण्याचा संभव असतो. म्हणून येथे मदत किती मिळाली याइतकेच ती केव्हा मिळाली, यालाही महत्त्व आहे.

आणि हे संकट केवळ शेजारच्या जिल्ह्याचे समजू नका. वणीच्या परिसरात कोळशाची खाण पुढे सरकते तेव्हा गावे मागे सरकतात. गावाबरोबर वाचनालय सरकते, बालवाडी सरकते, गोरगरिबांचा दवाखाना सरकतो.

आता मुद्द्यावर येऊ. पहिली गोष्ट म्हणजे हक्क आणि मदत यांची गल्लत करू नये. ज्याने जागा घेतली त्याच्याकडून नुकसानभरपाई मागणे हा हक्क आहे. तो अर्जाने, सुनावणीने, लागल्यास न्यायालयात जाऊन मागावा. तेथे हात जोडण्याचे कारण नाही. उलट, ज्याने काही घेतलेले नाही अशा कंपनीकडे जाताना हक्काचा आवाज चढवू नये. भरपाईला देणगी म्हणून स्वीकारले तर हक्क बुडतो, आणि देणगीला भरपाई म्हणून मागितले तर देणारा बिथरतो. दोन दारे निराळी आहेत. प्रत्येक दाराशी निराळ्या आवाजात बोलले पाहिजे.

दुसरी गोष्ट. कंपनीच्या दाराशी आपण अगदीच रिकाम्या हाताने उभे नसतो. २०१३ चा कंपनी कायदा आहे. त्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या घरात पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून हा नियम लागू आहे. शिक्षण, आरोग्य, भुकेचे निवारण ही कामे त्यात बसतात. त्यातही कंपनी जेथे काम करते त्या परिसराला अग्रक्रम द्यावा, असे कायदाच म्हणतो. आपल्या जिल्ह्यात वणीकडे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, लोहाऱ्याला रेमंडच्या नावाची डेनिमची गिरणी आहे, मुकुटबनला बिर्ला समूहाचा सिमेंटचा कारखाना आहे. तेव्हा ‘कोणाकडे जावे’ हा प्रश्न फार अवघड नाही. ‘कसे जावे’ हा खरा अवघड.

आपण जातो कसे? एक कागद घेतो, वर श्री लिहितो, संस्थेची महती दोन पाने सांगतो आणि शेवटी म्हणतो, ‘तरी यथाशक्ति मदत करावी.’ मंडळी, या ‘यथाशक्ति’ शब्दानेच घात होतो! शेजाऱ्याकडे तो शब्द चालतो, कारण शेजाऱ्याला मन आहे आणि खिसा आहे. कंपनीला खिसा आहे, पण मन नाही. तिला समिती आहे. आपला कागद ज्या अधिकाऱ्याच्या हाती पडतो तो भला माणूस असला, तरी त्याला तो समितीपुढे ठेवायचा असतो आणि समितीला संचालक मंडळापुढे. तेथे आपण नसतो. आपला कागदच बोलतो. म्हणून त्याने नेमके बोलावे. दोन वर्गखोल्या आणि एक विंधणविहीर, इतका खर्च, इतक्या महिन्यांत, इतक्या मुलांसाठी, जागा संस्थेच्या नावावर असल्याचा हा उतारा. यथाशक्ति नको, यथायोग्य मागा.

सोबत नोंदणीचे दाखले हवेत. बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचे तर साधारणपणे तिच्या पाठीशी तीन वर्षांचे काम आणि आयकराच्या १२ ए व ८० जी या नोंदण्या लागतात. एप्रिल २०२१ पासून सरकारदरबारी निराळी नोंदणीही लागते. पुष्कळ चांगल्या संस्था येथेच अडखळतात. सेवा करणाऱ्याला हिशेबाचा कंटाळा असतो, आणि हिशेब लिहिणाऱ्याला सेवेची सवड नसते. या सभागृहात निवृत्त कारकून, शिक्षक, वकील बसलेले आहेत. आठवड्यातले दोन तास अशा संस्थेच्या वह्यांना दिले, तर ते दान लाखमोलाचे ठरेल.

आपल्याकडचे एक जुने उदाहरण पाहा. पुण्यात प्लेग माजला तेव्हा अण्णासाहेब कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाला शहर सोडावे लागले. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. त्यावर एक झोपडी उभी राहिली. पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले, आणि १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपये दिले. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे नाव लागले. ते दान एका व्यक्तीचे होते, कंपनीचे नव्हे, हे खरे. परंतु क्रम ध्यानात घ्या. आधी सहा एकर, मग झोपडी, मग वीस वर्षांची चिकाटी, आणि मग पंधरा लाख. मोठा दाता पायरीवर येतो. पाया घालायला क्वचितच येतो.

कोणी विचारील, ‘कंपनीचे पैसे घेतले की तोंड बंद होणार नाही काय?’ शंका रास्त आहे. आमचे उत्तर असे की, नाव द्यावे, निर्णय देऊ नयेत. भिंतीवर दात्याची पाटी लागली म्हणून शाळा बाटत नाही. परंतु कोणती मुले घ्यावीत, काय शिकवावे आणि गावच्या धुळीविषयी, पाण्याविषयी बोलावे की नाही, हे दाता ठरवू लागला, तर त्या दिवशी पैसे परत करण्याची तयारी हवी. इमारत संस्थेच्याच नावावर राहील, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. आणि आपल्याच गावातून थोडीथोडी वर्गणी दरवर्षी येत राहील, अशी व्यवस्था असावी. ज्या संस्थेला शंभर लहान आधार आहेत, तिलाच एका मोठ्या आधाराला प्रसंगी ‘नाही’ म्हणता येते.

कंपनीचा अधिकारी फाईल मिटताना बहुधा एकच गोष्ट विचारतो, ‘तुमच्या गावाने काय केले?’ त्या वेळी खाली पाहण्याची पाळी येऊ नये. पाच लाख मागायला जाताना गावाचे पन्नास हजार आधी टेबलावर असावेत.

त्या शाळेने आपले नाव ‘प्रश्नचिन्ह’ ठेवले. प्रश्न महामार्गाला होता, सरकारला होता, कंपन्यांनाही आहे. पण पहिल्याने तो आपणांस आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही समितीच्या मंजुरीवाचून आजच देता येण्याजोगे आहे.