आपल्याच गावी परदेशी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून परदेशी निघालेल्या तरुणांचा सत्कार होतो आणि तो योग्यच आहे. आज आम्ही उभे आहोत ते त्याच वाटेने परत आलेले वृद्ध म्हणून. आम्ही उभयता ३४ वर्षे इंग्लंडात राहिलो. तेथे नोकरी केली, मुले वाढविली, तेथील नागरिकत्व घेतले आणि सेवानिवृत्त झाल्यावर कर्जतला येऊन स्थायिक झालो. जावे कसे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परतावे कसे हे सांगणारा विरळा. म्हणून कार्यकारी मंडळाची आज्ञा आम्ही शिरसावंद्य मानली.

प्रथम कायद्याची गोष्ट सांगतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. २००५ पासून अशा लोकांना ओसीआय कार्ड मिळू लागले. त्या कार्डामुळे आजन्म येण्याजाण्याची व हवे तितके राहण्याची मुभा मिळते, घर किंवा सदनिका विकत घेता येते. परंतु मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ही दोन 'नाही' कागदावर वाचताना आम्हांस किरकोळ वाटली होती. गावी आल्यावर त्यांचे वजन कळले.

आमचे घर कर्जतला असले तरी वडिलोपार्जित भातखाचर खालापूर तालुक्यात आहे. वडिलांच्या पश्चात आमचा हिस्सा वारसाने आमच्या नावे लागला. त्यास कायद्याची आडकाठी नाही. शेजारचा तुकडा चुलतभावाचा. मुलीच्या लग्नासाठी तो विकावयास निघाला, तेव्हा प्रथम आमच्याकडेच आला. म्हणाला, "दादा, तूच घे. घरातली जमीन घरात राहील." पैसा आमच्यापाशी होता, इच्छाही होती, परंतु परदेशी नागरिकास शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. लहानपणी ज्या बांधावरून आम्ही दोघे आवणाच्या चिखलात उड्या मारीत होतो, त्याच बांधाशी आम्ही परके ठरलो. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

तो तुकडा पुढे गावातीलच एका शेतकऱ्याने घेतला. आज तेथे भात उभा असतो. आसपासच्या टेकड्यांवर बंगल्यांच्या योजना दिवसेंदिवस वाढत असता तेवढे खाचर हिरवे राहिले, हे पाहून आमचा राग निवळला. थायलंड पन्नाशी ओलांडलेल्या परदेशीयांस निवृत्तीनंतर राहण्याचा परवाना देतो, फिलिपाइन्सही त्यांचे स्वागत करतो. परंतु या दोन्ही देशांत परदेशीयाच्या नावे जमीन सहसा होत नाही. श्रीमंत देशाच्या निवृत्तिवेतनापुढे गरीब देशाचा शेतकरी बोलीत टिकणार नाही, हे साधे कारण त्यामागे आहे. तेच कारण आमच्या भातखाचरालाही लागू होते. आमचे दुःख खरे होते. परंतु कायदाही अन्यायाचा नव्हता.

मताची गोष्ट मात्र अद्याप मनास टोचते. निवडणुकीच्या दिवशी शेजारचे गुरुजी सकाळीच दारात आले व म्हणाले, "चला, मतदान करून येऊ." आम्ही त्यांस शाळेच्या फाटकापर्यंत सोबत केली आणि बाहेर चिंचेखाली उभे राहिलो. ज्या शाळेत आम्ही मुळाक्षरे गिरविली, तिच्या आत त्या दिवशी आमचे काही काम नव्हते. गुरुजी बोटाला शाई लावून बाहेर आले आणि काही न बोलता आमच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले.

आता पैशाविषयी. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन भारतात मिळते. परंतु तेथील पेन्शनरांस दरसाल मिळणारी वाढ येथे राहणाऱ्यास मिळत नाही. कायमचा देश सोडला की तेथील फुकट वैद्यकीय सेवेचा हक्कही सुटतो. अमेरिकेच्या वृद्धांसाठी असलेला मेडिकेअर विमा सामान्यतः त्या देशाबाहेर चालत नाही. तेव्हा रुपयांत आज भरघोस दिसणारी रक्कम पंधरा वर्षांनी कशी दिसेल, याचा हिशेब निघण्यापूर्वी मांडावा.

जागेविषयीही सावध राहावे. सुट्टीत पाहिलेले डोंगर आणि आषाढातले डोंगर एक नव्हेत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीने काठच्या वस्त्यांची काय दशा केली, हे आपण जाणता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे यंत्रे पोहोचू शकली नाहीत. माणसे अंधारात, पावसात पायी वर चढून गेली. संकटकाळी माणसाला माणूसच लागतो.

याचा अनुभव आम्हांसही आला. एका श्रावणात मध्यरात्री आमच्या सौभाग्यवतींच्या छातीत कळ आली. गुरुजींच्या चिरंजीवांनी धो धो पावसात गाडी काढून तिला पनवेलला पोहोचविले. आमचा मुलगा मँचेस्टरहून विमानात बसला, तोवर ती धोक्याबाहेर आली होती. आम्ही त्या कुटुंबाचे कोण? त्यांच्या नातवाला रोज तिसऱ्या प्रहरी इंग्रजी शिकविणारे शेजारी, इतकेच. शासनाच्या दप्तरी आम्ही परदेशी आहोत; त्या आळीच्या दप्तरी नाही. मात्र ही दुसरी नोंद पैशाने होत नाही. त्यासाठी काही वर्षे द्यावी लागतात, म्हणून हातपाय धड आहेत तोवरच परतावे.

शेवटी आमच्या तीन विनंत्या आहेत. परदेशी नागरिकत्वाची शपथ घेणाऱ्या तरुणांनी चाळिशीतच सत्तरीचा विचार करावा. येथील कुटुंबीयांनी परदेशी असलेल्या भावाबहिणींची वारसनोंद सात-बारावर वेळीच करून घ्यावी. ती राहिल्याने सख्खी भावंडे अबोल झालेली आम्ही पाहिली आहेत. आणि आपल्या संस्थेने कर्जत-खालापूर भागात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची एक वही ठेवावी. परदेशातून परतलेले असोत वा ज्यांची मुले परदेशी आहेत असे असोत, प्रत्येकाच्या नावापुढे हाकेसरशी धावून येईल अशा एका तरुणाचे नाव असावे. त्या वहीत पहिले नाव आमचे घालावे. आणि आमच्या अंगणात जी मुले इंग्रजी शिकावयास येतील, त्यांची ज्ञात आम्ही विचारणार नाही, हेही येथेच सांगून ठेवतो. रात्री गाडी काढणाऱ्याने आमची विचारली नव्हती.